टायमिंग बेल्ट तुटला : गाडी दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

नवी दिल्ली : धावत्या मोटारीचे इंजिन एकाएकी बंद पडते, स्टार्टर नेहमीपेक्षा हलका फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. टायमिंग बेल्ट तुटल्याचे हे ठळक लक्षण आहे. अशा वेळी स्टार्टर पुन्हा पुन्हा फिरवल्यास हानी वाढू शकते. जुन्या गाडीच्या बाबतीत गॅरेजने सांगितलेला खर्च अनेकदा तिच्या किमतीच्या जवळ पोहोचतो. मात्र तपासणीपूर्वी सांगितलेला आकडा हा केवळ अंदाज असतो.

हा दातेरी पट्टा क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. पट्टा तुटताच कॅमशाफ्ट थांबते. पिस्टन मात्र वेगामुळे काही क्षण वर-खाली होत राहतात आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. काही पेट्रोल इंजिनांत दोहोंमध्ये पुरेसे अंतर असल्याने नव्या पट्ट्यावर काम भागते. डिझेल इंजिनांत मात्र ही जागा इतकी कमी असते की धडक सहसा टळत नाही. सर्वच गाड्यांत पट्टा नसतो, हेही लक्षात घ्यावे लागते. रेनॉ डस्टरच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात पट्टा आहे, तर मारुती स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात साखळी.

व्हॉल्व्ह वाकले आहेत का, हे हेड न उतरवताही बऱ्याच अंशी कळते. तात्पुरता पट्टा चढवून, इंजिन हाताने फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब वा हवेची गळती तपासता येते. स्पार्क प्लगच्या छिद्रातून सूक्ष्म कॅमेरा सोडून पिस्टनवरील खुणाही पाहता येतात. केवळ व्हॉल्व्ह वाकले असतील तर हेडचे काम पुरेसे ठरते. पिस्टन फुटला असल्यास खर्चाचे गणितच बदलते.

हे गणित मांडताना दुरुस्तीचा खर्च गाडीच्या पूर्ण किमतीशी ताडणे चुकीचे आहे. उदाहरणार्थ, चालू स्थितीत दीड लाखाला जाणारी गाडी बंद स्थितीत ५० हजारांना विकली जात असेल, तर एक लाखापर्यंतचाच खर्च विक्रीतून भरून निघतो. गाडी स्वतःच वापरायची असल्यास तिची एकूण अवस्था आणि नोंदणीची उरलेली मुदत अधिक महत्त्वाची. दिल्ली परिसरात तर जुन्या डिझेल गाड्यांवरील निर्बंधही विचारात घ्यावे लागतात.

विम्याचा येथे सहसा उपयोग होत नाही. नेहमीच्या मोटार विम्यातून झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. जुने इंजिन विकत घेऊन बसवणे स्वस्त वाटते, पण इंजिन क्रमांक बदलत असल्याने परिवहन कार्यालयात त्याची नोंद करावी लागते. दुरुस्तीच करायची ठरल्यास टेन्शनर आणि पट्ट्यावर चालणारा वॉटर पंपही बदलून घेणे हिताचे, कारण अनेकदा पट्टा त्यांच्यातील बिघाडामुळेच तुटतो.

गाडी मोडीत काढायची असेल तर ती नोंदणीकृत केंद्रात द्यावी. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची केंद्राच्या नियमांत तरतूद आहे. प्रत्यक्ष दर राज्यानुसार ठरतो.