गर्भारपणातील वेदनांवरील भौतिकोपचार

गर्भारपणातील वेदनांवरील भौतिकोपचार (प्रचलित नाव : फिजिओथेरपी) म्हणजे गर्भवती स्त्रीला होणारी कंबरदुखी, ओटीपोटाच्या सांध्यांचे दुखणे, पायांतील गोळे यांसारखा त्रास व्यायाम, योग्य अंगस्थिती, आधारपट्टा, शेक आणि दैनंदिन कामाच्या पद्धतीतील बदल यांच्या साहाय्याने कमी करण्याची उपचारपद्धती होय. गर्भारपणात अनेक वेदनाशामक औषधे वर्ज्य असतात किंवा जपून द्यावी लागतात. विशेषतः आयबुप्रोफेनच्या वर्गातील औषधे विसाव्या आठवड्यानंतर टाळली जातात. त्यामुळे औषधाविना होणाऱ्या या उपचाराला महत्त्व आहे.

प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यातील पोशेरा आणि जव्हार-मोखाडा परिसर डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. या विषयावरील बहुतेक पुस्तके शहरी, बैठे काम करणाऱ्या स्त्रीला उद्देशून लिहिलेली असतात. डोंगराळ मुलखात पाणी वाहणाऱ्या आणि भाताची आवणी करणाऱ्या स्त्रीला त्यांतील निम्मा सल्ला लागू पडत नाही.

वेदनेची कारणे

गर्भारपणात स्त्रीचे वजन साधारणतः १० ते १२ किलोंनी वाढते आणि ही वाढ मुख्यत्वे शरीराच्या पुढील भागात होते. शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकल्याने तोल सावरण्यासाठी पाठीच्या स्नायूंना अधिक श्रम पडतात. पोटाचे स्नायू ताणले जाऊन सैल होतात व कण्याला त्यांचा मिळणारा आधार घटतो. रिलॅक्सिन व अन्य संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध शिथिल होतात, असे मानले जाते. मात्र रक्तातील रिलॅक्सिनचे प्रमाण आणि वेदनेची तीव्रता यांचा सरळ संबंध अभ्यासांतून स्पष्टपणे दिसलेला नाही. ‘हाडे सैल झाली म्हणून दुखते’ हे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे ठरते.

सुमारे निम्म्या गर्भवतींना कधी ना कधी कंबरेचा किंवा ओटीपोटाचा त्रास होतो. या दोन दुखण्यांत भेद करणे ही उपचाराची पहिली पायरी आहे. कंबरदुखी बरगड्यांच्या खाली, कण्याच्या दोन्ही बाजूंना जाणवते व वाकताना वाढते. ओटीपोटाच्या सांध्यांचे दुखणे माकडहाडाच्या वरच्या बाजूस, नितंबात किंवा पुढे जांघेच्या मध्यभागी जाणवते. कुशीवर वळताना, पायरी चढताना अथवा एका पायावर उभे राहून कपडे घालताना ते उफाळते. तज्ज्ञ स्त्रीला उताणे निजवून मांडी काटकोनात उभी धरतात व गुडघ्यावरून खाली हलका दाब देतात. त्या वेळी नितंबाच्या मागील भागात ओळखीची कळ आली, तर दुखणे सांध्याचे असल्याचे समजते.

पोशेरा परिसरातील श्रम

पोशेरा हे मोखाडा तालुक्यातील गाव. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हा जव्हार व मोखाडा हे तालुके त्यात आले. परिसरात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती आहे. पावसाळ्यात भरपूर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात त्याच गावांत पाण्यासाठी वणवण होते. भात, नागली, वरई ही येथील पिके. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामावर मजुरीसाठी स्थलांतर करतात.

यांतील प्रत्येक कामाचा कंबरेवर वेगळा परिणाम होतो. आवणीत गुडघे जवळजवळ ताठ ठेवून कंबरेतून वाकलेले शरीर तासन्‌तास तसेच राहते. चिखलात पाय रुतत असल्याने वळण्याचा ताणही सांध्यांवर येतो. पाणी आणताना, एक लिटर पाण्याचे वजन एक किलो धरता, १२ लिटरचा एक हंडा म्हणजे भांड्याखेरीज १२ किलो. गर्भारपणाच्या नऊ महिन्यांत वाढणारे एकूण वजन जेवढे, तेवढे ती एका खेपेत डोक्यावर घेते, आणि हंड्यावर कळशी असली तर त्याहूनही अधिक. चुंबळीमुळे डोक्याला आधार मिळतो; चढणीवर ओटीपोटाच्या सांध्यांवर येणारा भार मात्र तेवढाच राहतो.

‘ओझे उचलू नका, विश्रांती घ्या’ हा सल्ला बरोबर असला, तरी घरात दुसरे माणूस पाणी आणणारे नसेल तर तो अंमलात येत नाही. म्हणून नवरा, सासू किंवा जाऊ यांच्याशी बोलणे हाही येथे उपचाराचा भाग ठरतो. काम टळत नसेल, तर हंडा अर्धा भरून अधिक खेपा करणे, हंडा डोक्यावर चढवताना व उतरवताना दुसऱ्याचा हात घेणे, आवणीत थोड्या-थोड्या वेळाने ताठ उभे राहून हात कंबरेवर ठेवून किंचित मागे झुकणे, सरपणाचा भारा लहान बांधणे, एवढे बदल शक्य असतात. चुलीपुढे उकिडवे बसल्याने सांध्यात कळ येत असेल, तर पाट किंवा ठोकळ्यावर बसावे.

व्यायाम व अन्य उपाय

उपचाराचा गाभा व्यायाम हाच आहे. रांगण्याच्या अवस्थेत हात-गुडघे टेकून श्वास सोडताना पाठ हळूच वर गोल करणे व श्वास घेताना ती सपाट करणे, हा सर्वांत सोपा प्रकार होय. त्यात पोटाचा भार कण्यावरून उतरतो, आणि त्यासाठी सारवलेली जमीन पुरते. कुशीवर निजून, टाचा जुळवून वरचा गुडघा उचलल्याने नितंबाचे स्नायू बळकट होतात. लघवी रोखून धरल्याप्रमाणे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडला व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. प्रसूतीनंतर लघवीवरील ताबा टिकण्यासही त्याची मदत होते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात फार वेळ उताणे निजून व्यायाम करू नये. गर्भाशयाच्या भाराने मोठी नीला दाबली जाऊन घेरी येऊ शकते.

ओटीपोटाच्या सांध्यांच्या दुखण्यात नितंबाभोवती, पोटाच्या खालून आधारपट्टा बांधतात. पट्टा नसल्यास घडी घातलेले सुती कापडही वापरता येते, मात्र ते पोटावरून आवळून बांधू नये. अंथरुणात वळताना दोन्ही गुडघे जुळवून एकदम वळावे आणि उठताना आधी कुशीवर होऊन हाताच्या आधाराने उठावे. कंबरेला कोमट शेक चालतो. विद्युत्‌लहरींनी खोलवर उष्णता देणारे उपचार मात्र गर्भारपणात केले जात नाहीत. सुईण किंवा घरातील वडीलधाऱ्या बायका कंबर व पाय चोळून देतात, त्याने आराम वाटतो. पोट दाबून चोळणे धोक्याचे असल्याने ते टाळावे.

उपयुक्ततेबाबत दावे जपूनच करावे लागतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात ३४ चाचण्या व ५,१२१ स्त्रियांची माहिती तपासली गेली. व्यायामामुळे कंबरदुखी कमी होते असे तीत दिसले, पण पुरावा फारसा भक्कम नव्हता. केवळ ओटीपोटाच्या दुखण्यात व्यायामाचा फायदा स्पष्ट झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबर व ओटीपोटाचे दुखणे टाळण्यासाठी गर्भारपणभर नियमित व्यायामाची शिफारस असून भौतिकोपचार, आधारपट्टा आणि ॲक्युपंक्चर हे उपचाराचे पर्याय म्हणून नोंदवले आहेत.

दुखणे साधे नसते तेव्हा

प्रत्येक कंबरदुखी स्नायूंची नसते, आणि दवाखाना दूर असलेल्या पाड्यावर हा भेद जिवावरचा ठरू शकतो. थांबून-थांबून ठरावीक अंतराने येणारी कळ सदतिसाव्या आठवड्याआधी सुरू झाली, तर ती अकाली प्रसूतीची असू शकते. अंगावरून रक्त वा पाणी जाणे, तापासह लघवीला जळजळ, एकाच पोटरीला सूज व दुखणे, तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी, जांघेभोवती बधिरपणा किंवा लघवी तुंबणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

आदिवासी भागात याखेरीज सिकलसेल आजाराचा विचार करावा लागतो. या आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकून हाडांत असह्य वेदना उठतात, आणि गर्भारपणात असे झटके वाढू शकतात. ती वेदना ‘दिवस गेल्यावर कंबर दुखायचीच’ म्हणून अंगावर काढली, तर आई व बाळ दोघांनाही धोका असतो. रक्ताची साधी तपासणी आधीच झालेली असणे म्हणूनच आवश्यक आहे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले.

उपलब्धता

मोखाडा येथे ग्रामीण रुग्णालय असून जव्हार येथील पतंगशहा कुटीर रुग्णालय हा परिसराचा जुना आधार आहे. गुंतागुंतीच्या रुग्णांना अनेकदा नाशिकला पाठवले जाते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. कंबरदुखीची तक्रार सांगण्यास हा दिवस सोयीचा, पण वजन, रक्तदाब व हिमोग्लोबिन यांच्या गर्दीत ती बहुधा न विचारलेलीच राहते. भौतिकोपचार तज्ज्ञ नेहमी भेटत नसल्याने आशा कार्यकर्ती किंवा परिचारिका यांनी वरील दोन-तीन व्यायाम प्रत्यक्ष करून दाखवणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

बहुतेक स्त्रियांचे दुखणे प्रसूतीनंतर काही महिन्यांत ओसरते, काहींचे मात्र रेंगाळते. दिवाळीनंतर तान्हे मूल घेऊन वीटभट्टीवर गेलेल्या बाळंतिणीचे व्यायाम सुटतात व विटा वाहण्याचा भार लगेच सुरू होतो. अशा स्त्रीने निघण्यापूर्वी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घेतल्यास स्थलांतराच्या गावी पुढील तपासणी करून घेणे सुलभ होते.