भाग २३ : जुना कॉम्प्युटर नेटवर्कवर ठेवायचा, पण इंटरनेटवर नाही

आजचा भाग माझ्या आत्यामुळे सुचला. कराडला तिची पॅथॉलॉजी लॅब आहे. दिवाळीला गेलो तर फराळाच्या आधीच म्हणाली, "अरे, तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर जरा बघ. नेटवाला म्हणतो फेकून द्या, मशीनवाला म्हणतो फेकलात तर मशीन पण नवीन घ्या."

कोपऱ्यातला कॉम्प्युटर म्हणजे विंडोज ७. सीबीसी करणारं मशीन त्याला सिरीयल केबलने जोडलंय आणि त्या मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतच नाही. मशीन अजून ठणठणीत आहे आणि नवीन घ्यायचं म्हणजे काही लाखांचा प्रश्न. दुसरीकडे, विंडोज ७ चे सिक्युरिटी अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले. आणि त्याच कॉम्प्युटरवर लॅबमधल्या ताई दुपारी यूट्यूबवर रेसिपी बघायच्या. त्यात पेशंटची नावं आणि रिपोर्ट. म्हणजे बघा!

केबलच काढून टाकली तर?

पहिला विचार हाच येतो. पण रिपोर्ट पलीकडच्या नव्या कॉम्प्युटरवर न्यायचेत, तिथून ते प्रिंट होतात आणि पेशंटला जातात. केबल काढली की पेन ड्राइव्ह आला, आणि तो दिवसातून वीस वेळा इकडून तिकडे फिरणार. व्हायरसला याहून चांगली रिक्षा मिळणार नाही. म्हणून ठरवलं, नेटवर्क राहू दे, इंटरनेट तोडू.

गेटवे म्हणजे सोसायटीचं गेट

एकाच राउटरला जोडलेले कॉम्प्युटर म्हणजे एका सोसायटीतली घरं समजा. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायला गेटबाहेर जावं लागत नाही. १९२.१६८.१.५० ला १९२.१६८.१.२० शी बोलायचं असेल तर ते थेट बोलतात. पत्ता सोसायटीबाहेरचा असेल तरच निरोप गेटवर जातो. हे गेट म्हणजे 'डिफॉल्ट गेटवे', बहुतेक ठिकाणी तुमचा राउटर.

मग जुन्या कॉम्प्युटरला गेट कुठंय हे सांगायचंच नाही! नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी हाताने टाकायचा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवे व डीएनएस दोन्ही रिकामे. राउटर आपोआप जे आयपी वाटतो त्यांच्या बाहेरचा आकडा घ्या, नाहीतर एखाद्या मोबाइलला तोच मिळेल आणि भांडण लागेल. तिथेच आयपीव्ही६ ची टिकही काढा. ती राहिली तर राउटर त्या वाटेने स्वतःच गेटचा पत्ता देऊ शकतो, आणि आपण पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवलेलं असतं.

एवढ्यावर थांबू नका. ही सेटिंग कुणीही परत बदलू शकतं. म्हणून राउटरमध्ये जाऊनही त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट बंद करा. 'ॲक्सेस कंट्रोल' किंवा 'पॅरेंटल कंट्रोल' असं काहीतरी नाव असतं. आणि रोजच्या वापराला ॲडमिन नसलेलं खातं. सॉफ्टवेअर त्या खात्यावर चालतंय ना, ते आधी तपासा.

इथे मी अडकलो

मी जुन्या कॉम्प्युटरवरचं रिपोर्टचं फोल्डर शेअर केलं होतं. गेटवे काढला आणि नव्या कॉम्प्युटरवरून ते उघडेचना. तासभर केबल बदल, रिस्टार्ट कर. आत्या म्हणाली, "पेशंट बसलेत बरं का बाहेर."

कारण असं, की गेटवे नसेल तर विंडोज ७ ला नेटवर्क ओळखता येत नाही. ते त्याला 'अनआयडेंटिफाइड' म्हणतं आणि 'पब्लिक' समजतं, म्हणजे एसटी स्टँडवरचं वायफाय असल्यासारखं. मग फायरवॉल बाहेरून येणाऱ्याला दार उघडत नाही.

ती पॉलिसी बदलता येते. मी बदलायलाच निघालो होतो, पण मग थांबलो. फायरवॉल जे करतेय तेच तर मला हवंय!

२०१७ चा वॉनाक्राय आठवतोय? १२ मे ला पसरला, ब्रिटनमधली कितीतरी हॉस्पिटल्स अडकली. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका भोकातून तो एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप जायचा, कुणी काही क्लिक करायची गरज नाही. ज्या मशीनला इंटरनेट नाही, तेही शेजारच्या मशीनमुळे सापडू शकतं. तो भाग बंद करणारा पॅच मार्चमध्येच आला होता. पण पुढचं असं भोक सापडेल तेव्हा विंडोज ७ ला पॅच येईल यावर विसंबता येत नाही.

म्हणून दिशा उलटी केली. फोल्डर नव्या, अपडेट होणाऱ्या कॉम्प्युटरवर शेअर केलं. त्यासाठी तिथे पासवर्ड असलेलं वेगळं खातं काढलं, फक्त त्या एका फोल्डरपुरतं. जुना कॉम्प्युटर रिपोर्ट तिथे नेऊन ठेवतो. त्याच्याकडे मात्र कुणी येऊ शकत नाही, फायरवॉलमध्ये येणारं सगळं बंद. फोल्डर नावाने नाही, आयपीने उघडायचं, आणि नव्या कॉम्प्युटरचा आयपीही कायमचा ठरवून टाकायचा.

एक सांगतो, तुमच्याकडे एक्सपी असेल तर हे असं सरळ जमणार नाही. एक्सपीला फाइल शेअरिंगची फक्त पहिली, जुनी पद्धत कळते. नव्या विंडोजमध्ये ती मुद्दाम बंद ठेवलेली असते आणि वॉनाक्राय त्याच पद्धतीतून शिरला होता. ती परत चालू करू नका.

राहिलेल्या फटी

सगळं झालं, पिंग ८.८.८.८ ला उत्तर नाही, मी खूश. संध्याकाळी बघतो तर यूट्यूब चालू! ताईंनी मोबाइल चार्जिंगला त्याच कॉम्प्युटरला लावला होता आणि यूएसबी टेदरिंग चालू. दोष त्यांचा नाही, मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. आता तिथे साधा चार्जर लावलाय, आणि मॉनिटरवर चिठ्ठी : 'याला मोबाइल, पेन ड्राइव्ह, डोंगल लावू नये.' आख्ख्या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा भाग.

दुसरी फट घड्याळाची. इंटरनेट नाही म्हणजे वेळ आपोआप जुळत नाही. त्यात मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की तारीख भलतीच मागे जाते आणि तीच रिपोर्टवर छापली जाते. सेल बदलला, आणि सोमवारी सकाळी तारीख-वेळ तपासायचं वहीत लिहून ठेवलं.

तिसरी हार्ड डिस्क. हा कॉम्प्युटर व्हायरसने जाण्याआधी म्हातारपणाने जायची शक्यता जास्त. आख्ख्या डिस्कची इमेज एका बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि ती कपाटात ठेवली, जोडून नाही.

ही काही कायमची सोय नाही. मशीन बदलायचं तेव्हा बदलावंच लागेल. पण ते आत्याच्या सोयीने, पैसे साठवून, एखाद्या सोमवारी सकाळी पेशंट बाहेर बसलेले असताना नाही.

तुमच्या ऑफिसात असा कोपऱ्यातला कॉम्प्युटर असेल तर आज एवढंच करा : त्यावर ब्राउझर उघडतो का बघा. भेटू पुढच्या भागात!