दंड मोडला, पण मनगट उचलते का?

परांचीवरून पडून दंडाचे हाड मोडले की आपल्या वस्तीत आधी हाडवैद्य आठवतो. तो ओढतो, चोळतो. पण या हाडाला मागून वेढा घालून मज्जातंतूची एक नस जाते. मनगट वर उचलते ते तिच्याच जोरावर. ती दुखावली की पंजा लोंबतो, गवंड्याला थापी धरवत नाही. म्हणून चोळू देऊ नका, हात झोळीत बांधून इस्पितळ गाठा.

अशी कितीतरी हाडे नुसत्या पट्ट्यातच जुळतात. ऑपरेशन लागलेच, तरी आता प्रत्येक वेळी सबंध दंड उघडत नाहीत. खांद्याजवळ एक, कोपरावर एक, असे दोन छोटे छेद घेऊन पुढच्या बाजूने स्नायूखालून प्लेट सरकवतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत स्क्रू बसवतात. मोडलेली जागा उघडी पडत नाही, तिथला रक्तपुरवठा शाबूत राहतो. मात्र नस डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टरचा हात सराईत हवा.

ऑपरेशनपूर्वी मनगट उचलते की नाही, हे तपासून केसपेपरवर लिहायला सांगा. नंतर पंजा पडला, तर कधी पडला ते कळते. असा पडलेला पंजाही पुष्कळदा काही महिन्यांत उठतो. खर्चाचे मात्र महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.