निर्देशिका-निर्मिती व नामसंघर्ष, जावा भाषेतील

संगणकाच्या संचय-माध्यमावरील फाइली ज्या कप्प्यांत विभागून ठेवतात त्यांना निर्देशिका (फोल्डर) म्हणतात. निर्देशिकेत निर्देशिका अशी उतरंड रचता येते व जावा या आज्ञावली-भाषेत (१९९५) ती एकाच आदेशाने तयार होते. मात्र एखाद्या पातळीवर त्याच नावाची फाइल आधीच असेल, तर उतरंड तेथेच खुंटते. यास नामसंघर्ष म्हणता येईल.

पुणे जिल्ह्यातील गावोगावच्या पर्जन्यमानाच्या नोंदी ‘पुणे/शिरूर/पाबळ/२०२४’ या मार्गाने ठेवावयाच्या आहेत असे समजू. (शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमामुळे परिचित आहे.) ‘शिरूर’मध्ये पूर्वी कोणी ‘पाबळ’ याच नावाची फाइल ठेवली असल्यास त्या नावाची निर्देशिका तेथे होऊ शकत नाही, कारण एका निर्देशिकेत एक नाव एकाच घटकास मिळते. त्या फाइलीत कित्येक वर्षांचा पाऊस नोंदलेला असू शकतो. अडथळा दूर करण्यासाठी ती परस्पर पुसणारी आज्ञावली निर्दोष चालेल, पण नोंदी मात्र कायमच्या जातील.

जावातील जुनी ‘मेकडर्स’ ही पद्धती केवळ होय किंवा नाही एवढेच उत्तर देते. निर्देशिका आधीच असली तरी ‘नाही’ आणि फाइल आडवी आली तरी ‘नाही’. त्यामुळे कारण कळत नाही. २०११ मधील सातव्या आवृत्तीत आलेली ‘क्रिएट डिरेक्टरीज’ ही पद्धती अधिक विवेकी आहे. निर्देशिका आधीच असल्यास ती निमूटपणे पुढे जाते. मार्गाच्या शेवटच्या नावाची फाइल असल्यास ‘फाइल आधीच अस्तित्वात आहे’ असा अपवाद (एक्सेप्शन) उपस्थित करते. वरील उदाहरणात फाइल मधल्या पातळीवर असल्याने लिनक्सवर ‘निर्देशिका नव्हे’ असा सर्वसाधारण फाइलव्यवस्थेचा अपवाद मिळतो. म्हणून केवळ पहिलाच अपवाद हाताळणे अपुरे ठरते. कार्य मध्येच फसले, तर तोवर निर्माण झालेल्या वरच्या निर्देशिका तशाच राहतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

‘आधी पाहा, मग निर्माण करा’ ही रीत सुरक्षित वाटते, पण नाही. पाहणे व करणे यांमधील क्षणात दुसरी आज्ञावली तेथे फाइल ठेवू शकते. थेट निर्मितीचा प्रयत्न करून अपवाद हाताळणे श्रेयस्कर. आडव्या आलेल्या फाइलीचे नाव वापरकर्त्यास कळवून थांबावे, किंवा तिला ‘पाबळ-जुनी’सारखे नवे नाव द्यावे, त्या नावाची फाइल असल्यास ती खोडण्याची मुभा मात्र देऊ नये.

देवनागरी नावांत आणखी एक अडचण संभवते. ‘झऱ्यांच्या नोंदी’ यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने किंवा ‘र’ व खालचा नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांना नावे एकच दिसतात. लिनक्सच्या बहुतेक फाइलव्यवस्था मात्र त्यांच्या दोन वेगळ्या निर्देशिका करतात आणि नोंदी दोहोंत विखुरतात. येथे अपवादही उपस्थित होत नाही. जावातील ‘नॉर्मलायझर’ने नाव आधी एकरूप करून घेतल्यास हे टळते.