नरक्याचा घाव

नरक्या फुलला की दुर्गंधीनेच कळतं. सह्याद्रीतल्या या लहानशा झाडात कॅम्प्टोथेसिन असतं. वॉल आणि वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी १९६६मध्ये ते एका चिनी झाडातून वेगळं केलं होतं. ते काम कसं करतं? पेशी विभागण्याआधी डीएनएची नक्कल होताना त्याला पीळ पडतो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक धागा कापतं, पीळ सोडवतं, धागा परत सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं सांधण्याआधी तिथे अडकून बसतं. नक्कल करणारी यंत्रणा त्या कापावर आदळते, दोन्ही धागे तुटतात, पेशी मरते. झपाट्याने विभागणाऱ्या कर्करोगपेशींना फटका जास्त. आतड्याच्या निरोगी पेशीही सुटत नाहीत. म्हणूनच घरी नरक्याच्या काढ्याचा उद्योग नको! औषध म्हणून वापरतात ती यातूनच घडवलेली इरिनोटेकान, टोपोटेकान. त्यापायी जंगलातला नरक्या मात्र चोरून तोडला गेला.