कामाचे पैसे (भाग ६) : चलानावरची तारीख

वॉशिंग्टन शहराची उभारणी चालू असताना, १७९१ मध्ये, मेरीलँड राज्याने गवंडी-सुतारांना एक मोठा हक्क दिला. मजुरी थकली तर बांधलेल्या वास्तूवरच बोजा चढवायचा. कॅलिफोर्नियात आज पोटठेकेदाराला पहिला माल दिल्यापासून २० दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि काम पुरे झाल्यावर फार तर ९० दिवसांत बोजा नोंदवावा लागतो. नोंदणीची मुदत हुकली की हक्क गेला.

आपल्याकडे हुकायला तो हक्कच नाही. बदलापूरच्या टॉवरला बसवलेली खिडकी त्या टॉवरची झाली. करार कायद्याचे कलम १७० कारागिराला दुरुस्तीची वस्तू अडवू देते, पण ती त्याच्या हातात असेपर्यंतच. टेम्पो साइटवर रिकामा झाला की आपल्याकडे राहते ते चलान.

आणि चलानावर बहुतेक वेळा वॉचमनची सही असते, तारीख नसते. खरे नुकसान इथे होते.

समजा, उल्हासनगरच्या एका कारखानदाराने अंबरनाथच्या साइटला शंभर दरवाजे बनवून दिले. तो 'उद्यम'मध्ये आधीपासून नोंदलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असेल, तर २००६ चा एमएसएमई कायदा त्याच्या बाजूने आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे. करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. दिवस मोजायचे ते माल पोचल्यापासून. बिल्डरला 'प्लाय हलका आहे' म्हणायचे असेल तर तेही १५ दिवसांत, लेखी. सहा महिन्यांनी फोनवर काढलेल्या कुरबुरीने ती तारीख पुढे जात नाही.

दोन अडचणी मात्र आहेत. सिमेंट-सळई नुसती विकणाऱ्या हार्डवेअरवाल्याला हे संरक्षण नाही. व्यापाऱ्यांची 'उद्यम' नोंदणी प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. आणि सामानासकट मजुरीचा ठेका असेल तर बिल्डरचा वकील हमखास मुंबई उच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल पुढे करतो. त्यात असे ठेके या कायद्याबाहेर धरले होते.

अशांना दिवाणी दावा. मुदत तीन वर्षे: पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर मालाला पोचल्यापासून, कामाला ते झाल्यापासून. वकिलाची नोटीस धाडली म्हणून ही मुदत थांबत नाही, हे निम्म्या ठेकेदारांना तीन वर्षे उलटल्यावर कळते. मुदत संपण्याआधी बिल्डरने 'इतकी बाकी मान्य' असे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे. त्याच्या सहीच्या चेकने काही रक्कम आली तरीही तसेच. दिवाळीला हातावर टेकवलेल्या रोख पाच हजारांनी मात्र एक दिवसही वाढत नाही. त्या नोटांवर देणाऱ्याचे अक्षर नसते.