बंद करण्याचीही एक मात्रा असते

फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात अनेक देशांतल्या विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत एकच तक्रार सुरू झाली. आदल्या संध्याकाळपर्यंत नीट चालणारे काम सकाळी चालेना. ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ नावाचा टेक्स्ट एडिटर लॅपटॉपवर आपोआप अद्ययावत झाला होता आणि आता तो संस्थेच्या मोठ्या संगणकाशी जोडून घ्यायला नकार देत होता. पासवर्ड चुकला नव्हता, इंटरनेट सुरू होते, संगणकही बिघडला नव्हता. एडिटरचे म्हणणे एवढेच, की समोरच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम फार जुनी झाली आहे, तिच्याशी आपले यापुढे जमणार नाही.

आरोग्याच्या सदरात या घटनेचे काय काम, असा प्रश्न पडेल. त्याची दोन उत्तरे आहेत. ज्या मोठ्या संगणकांवर हे घडले, तशाच संगणकांवर जनुकांची क्रमवारी लावणे, औषधाचा रेणू प्रथिनाला कुठे चिकटेल हे तपासणे, साथीचा अंदाज बांधणे अशी कामेही चालतात. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. एखादी जुनी गोष्ट केव्हा आणि कशी बंद करावी, हा वैद्यकातला रोजचा प्रश्न आहे. संगणकवाल्यांनी जे त्या आठवड्यात अनुभवले, ते डॉक्टर रुग्णाच्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा अनुभवतात.

नेमके काय झाले?

टेक्स्ट एडिटर म्हणजे साधा मजकूर लिहिण्याचे साधन. प्रोग्राम लिहिणारे सगळे ते वापरतात. त्याला हवी ती जोड देणारे छोटे प्रोग्राम मिळतात, त्यांना प्लगइन किंवा एक्स्टेन्शन म्हणतात. त्यातलेच एक ‘रिमोट-एसएसएच’. बसायचे आपल्या लॅपटॉपसमोर आणि काम करायचे दूरच्या शक्तिशाली संगणकावर, ही सोय ते देते. त्यासाठी हे प्लगइन दूरच्या संगणकावर आपला एक मदतनीस प्रोग्राम नेऊन ठेवते. घोळ झाला तो या मदतनीसाचा.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ‘जी-लिब-सी’ नावाची एक पायाभूत लायब्ररी असते. फाइल उघडणे, मेमरी मागणे, वेळ विचारणे अशी कामे बहुतेक प्रोग्राम तिच्याकडून करून घेतात. जुन्या लायब्ररीसाठी बांधलेला प्रोग्राम सहसा नव्या लायब्ररीवर चालतो. नव्यासाठी बांधलेला मात्र जुन्यावर अडतो. एडिटरच्या नव्या आवृत्तीतल्या मदतनीसाला या लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती किंवा तिच्यापुढची लागत होती. ती आली ऑगस्ट २०१८ मध्ये. २०१४ साली आलेल्या ‘सेंटओएस ७’ या सिस्टीममध्ये २.१७ होती. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या ‘उबंटू १८.०४’ मध्ये २.२७ होती, म्हणजे केवळ एका पायरीने चुकामूक झाली.

एडिटर बनवणाऱ्यांचा हट्ट होता, असे म्हणता येत नाही. हा मदतनीस ‘नोड’ नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर उभा आहे. नोडच्या सोळाव्या आवृत्तीची देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली. अठराव्या आवृत्तीचा अधिकृत तयार प्रोग्राम २.२८ मागतो. जुन्या सिस्टीमवाल्यांना धरून ठेवायचे, तर त्यांच्यासाठी वेगळी बांधणी करा, ती वेगळी तपासा, सुरक्षेची दुरुस्ती आली की ती तिकडेही करा. या श्रमाचे मोल बाहेरून दिसत नाही. एखादे प्लगइन दोन-चार जण फावल्या वेळात सांभाळत असतील, तर जुन्या सिस्टीमची एकेक अट त्यांच्या संध्याकाळी खात असते. कोडमध्ये ‘सिस्टीम अमुक असेल तर असे, तमुक असेल तर तसे’ अशा फांद्या वाढत जातात आणि प्रत्येक फांदीत चूक लपायला जागा होते.

वयस्कर रुग्णाच्या औषधांच्या पिशवीशी ज्यांची ओळख आहे, त्यांना हे चित्र नवे नाही. रक्तदाबाची गोळी, तिच्यामुळे पाय सुजले म्हणून लघवीची गोळी, तिच्यामुळे पोटॅशियम घटले म्हणून आणखी एक औषध. प्रत्येक गोळी सुरू करताना कारण होते. ते कारण संपले तरी गोळी राहिली. अमेरिकेतले वार्धक्यतज्ज्ञ मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये, वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी प्रसिद्ध केली. ती आजही ठरावीक काळाने सुधारली जाते. नको असलेली औषधे विचारपूर्वक कमी करणे, हा आता उपचाराचाच एक भाग मानला जातो.

दोन प्रकारची जुनी औषधे

चिठ्ठीवरची जुनी औषधे दोन प्रकारची असतात. काही केवळ कागदावर उरलेली असतात. रुग्णाने ती कधीच सोडलेली असतात, फक्त प्रत्येक वेळी चिठ्ठी उतरवून घेताना नाव पुढे चालू राहते. ती खोडली तर कुणाचे काही बिघडत नाही. दुसरी अशी, की ती अनावश्यक झालेली असली तरी शरीराने त्यांच्याशी जुळवून घेतलेले असते. अनेक महिने घेतलेले स्टिरॉइड एका दिवसात थांबवले, तर झोपी गेलेल्या अधिवृक्क ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. हृदयविकाराच्या रुग्णाची प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी अचानक तोडली, तर छातीत दुखणे उसळून येते. दीर्घकाळ घेतलेली झोपेची वा चिंतेची काही औषधे एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात. ही औषधे थांबवता येत नाहीत असे मुळीच नाही. मात्र ती उतरत्या मात्रेने, तारीख ठरवून आणि रुग्णाला सांगून थांबवायची असतात.

सॉफ्टवेअरमध्येही हेच दोन प्रकार दिसतात. ‘विम’ हा १९९१ पासून प्रचारात असलेला टेक्स्ट एडिटर आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याची आठवी आवृत्ती आली, तेव्हा एमएस-डॉस, सोळा-बिटी विंडोज आणि ओएस-२ या तीन जुन्या सिस्टीमचा आधार काढून टाकण्यात आला. त्या आवृत्तीच्या माहितीपत्रकातली कारणे प्रांजळ होती. एमएस-डॉसवर विम बराच काळ चालतच नव्हता, कारण तो तिथल्या मेमरीत मावत नव्हता. ओएस-२ वर तो वापरणारेच कुणी उरले नसावे, असा अंदाज होता. आधार काढल्यामुळे कोड बराच स्वच्छ झाला. हे कागदावर उरलेले औषध होते.

फेब्रुवारी २०२४ मधले प्रकरण दुसऱ्या प्रकारातले होते. सेंटओएस ७ जुनी होती खरी, पण तिची जाहीर मुदत ३० जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे तिच्या आयुष्याचे जवळपास पाच महिने शिल्लक होते. असे मोठे संगणक शेकडो जण मिळून वापरतात. त्यांची सिस्टीम बदलणे वापरणाऱ्याच्या हातात नसते. आधी व्यवस्थापकाने ठरवायचे, मग प्रत्येक गटाचे सॉफ्टवेअर नव्या सिस्टीमवर चालते का ते पाहायचे, त्यात काही महिने जातात. पीएचडीच्या विद्यार्थ्याला नवा एडिटर नाकारता येत होता, पण तो तर आपोआप येऊन बसला होता. अनेकांनी तात्पुरता उपाय म्हणून आधीची १.८५ ही आवृत्ती शोधून पुन्हा बसवली.

तक्रारींचा जोर इतका होता, की काही दिवसांतच निर्णय सौम्य करण्यात आला. जुन्या सिस्टीमशी जोडणी पुन्हा शक्य झाली, मात्र प्रत्येक वेळी ‘ही सिस्टीम आता समर्थित नाही’ अशी सूचना दिसू लागली आणि बारा महिन्यांची मुदत जाहीर झाली. मुदत संपल्यावर, मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून जुन्या सिस्टीमसाठीचा तयार मदतनीस खरोखरच बंद झाला. ज्यांना तरीही भागत नव्हते त्यांच्यासाठी, स्वतःच्या जबाबदारीवर करायची एक तांत्रिक पळवाट लिहून ठेवण्यात आली. शेवट पहिल्या दिवशी ठरला होता तोच झाला. फरक पडला तो मधल्या वर्षामुळे. डॉक्टरांच्या भाषेत सांगायचे तर औषध थांबवण्याचा निर्णय बरोबर होता, पहिल्यांदा उतरती मात्रा मात्र दिली गेली नव्हती.

मग जुने धरूनच ठेवावे का?

या अनुभवातून ‘चालते आहे ते चालू द्या’ असा धडा घेतला, तर तो महाग पडतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने अनेक देशांतले संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना त्याची झळ बसली. पाच रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतून रुग्ण दुसरीकडे वळवावे लागले आणि हजारो भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या.

त्या वेळी सगळा दोष विंडोज एक्सपीवर ढकलला गेला. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता, हे खरे. पण चौकशीत दिसले, की बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७ चे होते. ती सिस्टीम तेव्हा आधाराखालीच होती आणि तिच्यासाठीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, उपलब्ध झाली होती. ती बसवलेली नव्हती. औषध घरात आणून न घेतल्यासारखाच हा प्रकार. त्याच वर्षी २७ जूनला, त्याच त्रुटीचा फायदा घेणाऱ्या ‘नॉटपेट्या’ने नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. त्यामुळे ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देता येत नाही.

रुग्णालयांची अडचण वेगळीही आहे. एमआरआय किंवा एक्स-रे यंत्र पंधरा-वीस वर्षे वापरले जाते. त्याच्यासोबत आलेल्या संगणकातली ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्या निम्म्या काळातच जुनी होते. यंत्राची तपासणी आणि मान्यता त्या सिस्टीमसह झालेली असते, त्यामुळे ती परस्पर बदलता येत नाही. नवे यंत्र घ्यायचे तर पैसा लागतो, आणि केवळ सिस्टीम जुनी झाली म्हणून चांगले चालणारे यंत्र मोडीत काढणे बहुतेक रुग्णालयांना परवडत नाही. अशा यंत्रावर उतारा एकच. त्याला बाकीच्या जाळ्यापासून वेगळे ठेवायचे. संसर्गजन्य रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात, तसेच. इंटरनेट नाही, ईमेल नाही, कुणाचाही पेनड्राइव्ह नाही. प्रतिमा पाठवण्यापुरती एक राखलेली वाट, आणि यंत्र बदलण्याची तारीख अंदाजपत्रकात आधीच नोंदलेली.

आपल्या टेबलावर

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अनेक दवाखान्यांत, औषधांच्या दुकानांत आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये आजही तोच संगणक रुग्णांच्या नोंदी सांभाळतो आहे. घरातल्या जुन्या मोबाइलवर एखादे ॲप ‘आता चालणार नाही’ असा संदेश दाखवते, तेव्हाही मागे हीच साखळी असते.

अशा वेळी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, यादी. कुठल्या यंत्रावर कुठली सिस्टीम आहे आणि तिचा आधार कोणत्या तारखेला संपतो, हे एका कागदावर लिहावे. रुग्णाला आपण सगळ्या गोळ्या घेऊन यायला सांगतो, तसेच हे आहे. दुसरी, नोंदींची प्रत. ती वेगळ्या जागी ठेवावी आणि त्या प्रतीतून माहिती खरोखर परत मिळते का, हे एकदा करून पाहावे. तिसरी, बदलाचा क्रम. सगळे एका रविवारी बदलू नये. आधी एक संगणक बदलावा, त्यावर बिले, अहवाल आणि प्रिंटर आठवडाभर चालवून पाहावे, मग पुढचा घ्यावा.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडून अपेक्षा ठेवायची तर तीही फार मोठी नाही. आधार काढण्याआधी तो कोण वापरते ते पाहावे, तारीख पुरेशी आधी सांगावी, शेवटची चालणारी आवृत्ती सापडेल अशा ठिकाणी ठेवावी आणि ती आपोआप पुसली जाणार नाही याची काळजी घ्यावी. चांगला डॉक्टर औषध थांबवताना चिठ्ठीवर ‘बंद’ एवढाच शब्द लिहीत नाही. किती दिवसांत कमी करायचे, काय त्रास होऊ शकतो आणि तो झाला तर कुणाकडे यायचे, हे तो शेजारी लिहितो.